मिनिमल टेक्नो ऐकायला कुठून सुरुवात करावी : प्लॅस्टिकमनच्या ‘कन्स्यूम्ड’साठी एक मार्गदर्शक

मिनिमल टेक्नोकडे, म्हणजे मोजक्या आवाजांवर उभ्या राहणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताकडे, नव्याने वळणाऱ्या श्रोत्याला बहुतेक वेळा पन्नास-साठ नावांची एक यादी हाती दिली जाते. त्या यादीतले चार-पाच तुकडे अर्धवट ऐकून, या संगीतात काही घडतच नाही असे ठरवून तो मोकळा होतो. माझ्या मते सुरुवात यादीने करू नये, एका अल्बमने करावी, आणि तो अल्बम अथपासून इतिपर्यंत, योग्य साधनांवर, काही बैठकींत पुन्हा पुन्हा ऐकावा. त्यासाठी रिची हॉटिन या निर्मात्याने ‘प्लॅस्टिकमन’ या नावाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘कन्स्यूम्ड’ हा अल्बम मी निवडला आहे. तो या शैलीतला सर्वांत सोपा अल्बम नाही आणि नाचण्यासाठी तर मुळीच नाही. मात्र खोल बेस, प्रतिध्वनी आणि अत्यंत सावकाश होणारा बदल या ज्या तीन गोष्टी मिनिमल टेक्नोमध्ये ऐकायच्या असतात, त्या इथे इतक्या मोकळ्या जागेत मांडलेल्या आहेत की कान तयार करायला याहून चांगला अल्बम मला माहीत नाही.

ऐकण्याआधी जाणून घ्यावे असे थोडे

टेक्नोचा जन्म अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात १९८० च्या दशकात झाला. हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन ही त्याच्या पहिल्या पिढीतली ठळक नावे होत. हॉटिन हा त्यानंतरच्या पिढीचा. १९७० मध्ये इंग्लंडात जन्मलेला हा मुलगा वयाच्या नवव्या वर्षी कुटुंबासह कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात, विंडसर शहराला लागून असलेल्या लासाल या गावी आला. त्याचे वडील जनरल मोटर्समध्ये यंत्रमानवांवर काम करणारे तंत्रज्ञ होते आणि क्राफ्टवेर्क, टँजरिन ड्रीम यांचे इलेक्ट्रॉनिक संगीत त्याच्या कानावर प्रथम त्यांच्यामुळेच पडले. विंडसर आणि डेट्रॉइट यांच्यामध्ये केवळ एक नदी आहे, त्यामुळे विशीच्या आतच हॉटिन पलीकडे जाऊन रेकॉर्ड वाजवू लागला आणि १९९० मध्ये त्याने जॉन ॲक्वाव्हिव्हा यांच्यासोबत ‘प्लस एट’ ही रेकॉर्ड कंपनी काढली.

प्लॅस्टिकमन या नावाने त्याने काढलेला पहिला अल्बम ‘शीट वन’ १९९३ चा आहे आणि दुसरा ‘म्यूझिक’ १९९४ चा. या दोहोंत रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ या छोट्या बेस यंत्राचा चिवचिवणारा, पिळवटलेला आवाज सर्वत्र आहे. त्याच सुमारास डेट्रॉइटमध्ये रॉबर्ट हूड आणि डॅनियल बेल, तर बर्लिनमध्ये मॉरिट्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क एर्नेस्टस यांची ‘बेसिक चॅनल’ ही जोडी टेक्नोमधून एकेक थर काढून टाकण्याच्या मागे लागली होती. मिनिमल टेक्नो म्हणतात तो हाच प्रवाह. ठेका, एखादी छोटी सुरावट आणि त्या सुरावटीचा हळूहळू बदलत जाणारा पोत, एवढ्यावरच त्यात संपूर्ण रचना उभी राहते.

‘कन्स्यूम्ड’ समजून घ्यायला यापुढची एक घटना मात्र महत्त्वाची आहे. १९९५ मध्ये अमेरिकेच्या सीमेवर हॉटिनला अडवण्यात आले आणि योग्य परवान्याविना तिथे काम केल्याच्या कारणावरून काही काळ त्याला त्या देशात प्रवेश बंद झाला. ज्या शहराच्या नृत्यगृहांसाठी तो संगीत करत होता ते नदीपलीकडे डोळ्यांसमोर होते, पण तिथे जाता येत नव्हते. १९९६ मध्ये त्याने ‘कन्सेप्ट वन’ या मालिकेत दर महिन्याला एक अशा बारा रेकॉर्ड काढल्या, आणि त्या इतक्या उघड्याबोडक्या होत्या की त्यांच्यात ठेक्याच्या हाडांखेरीज फारसे काही उरलेले नव्हते. त्यानंतर दोन वर्षांनी ‘कन्स्यूम्ड’ आला. नाचणारी गर्दी समोर नसताना, एका खोलीत बसून केलेले हे काम आहे, हे लक्षात ठेवून ऐकल्यास त्यातली शांतता आणि तिच्यातला ताण या दोन्ही गोष्टी लवकर उमगतात.

पहिली पायरी : साधने नीट करून घेणे

ही पायरी सर्वाधिक महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच टाळली जाते. मोबाइलच्या अंगच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकणे म्हणजे तो न ऐकणेच होय. एवढ्याशा स्पीकरचा पडदा खोल आवाजांसाठी लागणारी हवा हलवूच शकत नाही, आणि या अल्बमचा मुख्य आवाज तर त्या खोल भागातच राहतो. खात्री करून घ्यायची असल्यास पहिला भाग ‘कन्टेन’ सुरू करून दोन मिनिटे मोबाइलच्या स्पीकरवर ऐका आणि मग तोच हेडफोनवर ऐका. पहिल्या खेपेस वरची बारीक टिकटिक आणि थोडी खरखर एवढेच हाती लागेल. दुसऱ्या खेपेस त्या टिकटिकीच्या खाली सरकणारा, जमिनीतून यावा तसा सूर पुढे येईल आणि ती टिकटिक त्याला टेकून उभी होती हे लक्षात येईल.

कान पूर्ण झाकणारे, तारेचे, साधारण दर्जाचे हेडफोन या कामासाठी पुरेसे आहेत. कानाच्या आत बसणारे इअरफोन असतील तर त्यांचे रबरी टोक कानात घट्ट बसले आहे ना, हे आधी पाहावे, कारण तिथे फट राहिली की सर्वांत आधी बेस निसटतो. घरी मोठे स्पीकर असतील तर उत्तमच, पण तिथे खोलीचाही विचार करावा लागतो. ४० हर्ट्झच्या सुराची एक लाट साडेआठ मीटरांहून लांब असते, आणि आपल्या बहुतेक खोल्या त्याहून लहान असतात. त्यामुळे भिंतींवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळून खोलीत काही ठिकाणी बेस फुगतो आणि काही ठिकाणी जवळजवळ नाहीसा होतो. गाणे चालू ठेवून खोलीत सावकाश फिरा. कोपऱ्यात बेस घोंगावेल, खोलीच्या मधोमध तो पातळ होईल, आणि या दोहोंच्या मध्ये कुठेतरी तो स्वच्छ ऐकू येईल. खुर्ची तिथे ठेवावी. इमारतीत राहणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की खोल आवाज भिंतीतून सहज पलीकडे जातो, तेव्हा रात्री हेडफोनच बरे.

ज्या ॲपवर ऐकणार असाल त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तीन गोष्टी बंद कराव्यात. इक्वलायझर बंद करावा, कारण त्यातला ‘बेस बूस्ट’ या अल्बमचा तोल पार बिघडवतो. एका गाण्याचे शेपूट दुसऱ्या गाण्याच्या डोक्यावर चढवणारा ‘क्रॉसफेड’ बंद करावा, आणि क्रम उलटसुलट करणारे ‘शफल’ अर्थातच बंद असावे. दोन गाण्यांमध्ये खंड न पाडण्याची सोय असेल तर ती मात्र चालू ठेवावी. छताचा पंखाही शक्य असल्यास बंद करावा. त्याची घरघर या संगीतातल्या सर्वांत हलक्या प्रतिध्वनींच्या नेमकी वर बसते.

आवाज किती ठेवावा, हा प्रश्न इथे दोन्ही बाजूंनी येतो. फार हळू ठेवल्यास मानवी कानाला बेस तुलनेने अधिकच कमी ऐकू येतो आणि रचना पोकळ वाटते. बेस अंगावर यावा म्हणून आवाज वाढवत नेल्यास कानाला इजा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी ८० डेसिबल पातळीचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये, आणि पातळी जसजशी वाढते तसतशी ही मुदत झपाट्याने कमी होते. शेजारी बसलेल्या माणसाचे साधे बोलणे हेडफोनमधूनही जेमतेम कळेल एवढाच आवाज ठेवावा. अल्बमच्या मध्यावर तो वाढवण्याची इच्छा झाली, तरी वाढवू नये.

दुसरी पायरी : पहिली बैठक, अखंड

अल्बममध्ये अकरा भाग आहेत आणि त्यांची एकूण लांबी सत्तर मिनिटांहून अधिक आहे. काही भाग फार छोटे आहेत आणि काही दहा मिनिटांच्या पुढे जातात. पहिल्या बैठकीत हे सगळे एका दमात, मध्ये न थांबता ऐकावे. हातात मोबाइल नको, पुस्तक नको, आणि कोणता भाग चालू आहे हे पाहण्याचीही गरज नाही. डोळे मिटून बसलात किंवा आडवे झालात तरी चालेल. झोप लागली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवातीपासून ऐकावे.

या बैठकीत नव्या श्रोत्याची अडचण एकच असते, ती म्हणजे तो कशाची तरी वाट पाहत राहतो. आता गाणे सुरू होईल, आता ठेका जोर धरेल, आता कुणीतरी गाईल असे त्याला वाटत राहते आणि तसे काहीच होत नाही. ज्या मराठी श्रोत्याला विलंबित ख्याल ऐकण्याची सवय आहे, त्याच्याजवळ इथे एक तयार शिदोरी आहे. तिथेही गायक पहिली कितीतरी मिनिटे मोजक्या स्वरांभोवती फिरतो आणि आपण तो विस्तार घाई न करता ऐकतो. तीच सवय इथे वापरावी. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की ख्यालात समेवर येण्याचा आनंद ठरावीक अंतराने मिळत राहतो आणि पुढे द्रुत लयीचे आश्वासनही असते. ‘कन्स्यूम्ड’मध्ये अशी सम नाही आणि द्रुतही नाही. इथला विस्तार कुठल्याही शिखराकडे निघालेला नाही, तो केवळ खोल होत जातो. हे एकदा मान्य केले की वाट पाहणे आपोआप थांबते आणि ऐकणे सुरू होते.

पहिल्या बैठकीनंतर मत बनवू नये. आवडले नाही असे वाटले तरी चालेल, पण कोणता आवाज अजून डोक्यात घोळतो आहे एवढे स्वतःला विचारावे. बहुतेकांच्या डोक्यात बेस राहतो, काहींच्या डोक्यात एखाद्या आवाजाची दूर जाणारी शेपटी राहते. पुढच्या बैठकीत त्याच धाग्याने आत शिरावे.

तिसरी पायरी : मोजणे

दुसऱ्या बैठकीपासून संपूर्ण अल्बम घेण्याची गरज नाही. एक लांब भाग घ्यावा, शक्यतो ‘कन्टेन’ किंवा ‘कन्स्यूम’, आणि तो मोजत ऐकावा. टेक्नोचे गणित सरळ असते. समान अंतराचे चार ठोके मिळून एक बार होतो, आणि बदल बहुधा चार, आठ किंवा सोळा बारांच्या गटाने येतात. मिनिटाला १२० ठोक्यांची गती धरली तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, एक बार दोन सेकंदांचा आणि सोळा बार बत्तीस सेकंदांचे होतात. म्हणजे अर्ध्या मिनिटापर्यंत वरकरणी काहीच बदलले नाही, तरी ते या भाषेतले अवघे एक वाक्य असते.

डाव्या हाताच्या बोटांवर ठोके आणि उजव्या हाताच्या बोटांवर बार मोजत गेलात की एक गोष्ट जाणवू लागते. ज्याला आपण ‘तेच तेच’ म्हणत होतो ते हुबेहूब तेच नसते. एखाद्या फेरीत वरच्या टिकटिकीचा एखादा दाणा गळतो, एखाद्या फेरीत बेसच्या सुराला जरा धार येते, कधी तोच सूर जाड कापडाखाली झाकल्यासारखा बोथट होतो. हे शेवटचे काम फिल्टर नावाची सोय करते. ठरावीक मर्यादेवरच्या कंपनसंख्या कापून टाकण्याचे एक बटण यंत्रावर असते आणि निर्माता ते हाताने सावकाश फिरवत राहतो. मिनिमल टेक्नोमधले बरेचसे नाट्य त्या एका बटणावर चालते. ते किती हळू फिरवायचे, कुठे थांबवायचे आणि कधी परत आणायचे, यातच निर्मात्याची समज दिसते, आणि हॉटिनचा हात या बाबतीत फार संयमी आहे.

मोजणे पाच-सहा मिनिटांपेक्षा अधिक करू नये. ते केवळ कानाला जागे करण्यासाठी आहे.

चौथी पायरी : बेसच्या मागे जाणे

आता वरचे सगळे आवाज मनाने बाजूला सारून केवळ सर्वांत खालच्या सुराचा पाठलाग करावा. बहुतेक लोकप्रिय संगीतात बेस हा आधाराचा भाग असतो आणि मुख्य सुरावट त्याच्या वर चालते. ‘कन्स्यूम्ड’मध्ये ही उतरंड उलटी आहे. इथे बेस हीच सुरावट आहे, आणि वरच्या टिकटिकी तिच्यासाठी वेळ मोजण्याचे काम करतात. हा बेस केवळ दोन-चार स्वरांचा असतो, पण प्रत्येक स्वर कसा सुरू होतो, किती टिकतो आणि कसा विरतो हे वेगवेगळे ऐकता येते. सुरुवात टणक आहे की मऊ, मध्ये तो थरथरतो का, आणि विरताना लगेच तुटतो की काही काळ पाठीमागे रेंगाळतो, हे तीन प्रश्न प्रत्येक स्वराला विचारत जावे.

‘कॉर टेन’ या भागापाशी जरा थांबावे. कॉर-टेन हे एका प्रकारच्या पोलादाचे व्यापारी नाव आहे. उघड्या हवेत ठेवल्यावर त्याच्या पृष्ठभागावर गंजाचा दाट तपकिरी थर धरतो आणि तोच थर आतल्या धातूचे रक्षण करतो, म्हणून पुलांसाठी, इमारतींसाठी आणि मोठ्या शिल्पांसाठी ते वापरतात. हे नाव लक्षात ठेवून ऐकताना आवाजाचे वजन आणि त्याचा खडबडीतपणा या दोन्हींकडे माझे लक्ष अधिक जाते.

पाचवी पायरी : प्रतिध्वनी ऐकणे, आणि स्वतः करून पाहणे

या अल्बमचे खरे वाद्य कोणते, असे मला विचारल्यास मी ना ड्रम मशीनचे नाव घेईन ना सिंथेसायझरचे. माझे उत्तर प्रतिध्वनी हेच असेल. कोरडा आवाज एकदाच वाजतो, पण ‘डिले’ नावाचे यंत्र त्याची नक्कल ठरावीक काळाने पुन्हा वाजवते, त्या नकलेची आणखी मंद नक्कल वाजवते, आणि असे करत तो आवाज दूर नेते. ‘रिव्हर्ब’ नावाची दुसरी सोय त्याच आवाजाभोवती एखाद्या मोठ्या रिकाम्या जागेचा भास उभा करते. हॉटिनने मूळ आवाज इतके कमी ठेवले आहेत की या नकलांना फिरायला भरपूर जागा मिळते, आणि एका टिकटिकीतून अख्खी लय उभी राहते.

हे वाचून जितके कळते त्यापेक्षा एकदा हाताने केल्याने कितीतरी अधिक कळते. त्यासाठी संगणकावर ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर घ्यावे. त्यात ठेका तयार करण्याची सोय आहे. ती वापरून मिनिटाला १२० ठोक्यांचा, साधारण अर्ध्या मिनिटाचा ठेका तयार करावा. मग दुसऱ्या ट्रॅकवर मायक्रोफोनसमोर एकच चुटकी वाजवून ती ध्वनिमुद्रित करावी, तिच्यापुढे दहा-पंधरा सेकंदांची शांतता जोडावी आणि चुटकी ठेक्याच्या एखाद्या ठोक्यावर नेमकी सरकवून घ्यावी. आता चुटकी आणि तिच्यापुढची शांतता दोन्ही निवडून ‘एको’ हा इफेक्ट लावावा. वेळेच्या रकान्यात ०.३७५ सेकंद आणि क्षयाच्या रकान्यात ०.५ लिहावे. शांतता निवडायला विसरू नये, नाहीतर प्रतिध्वनींना उमटायला जागाच उरत नाही.

ठोका अर्ध्या सेकंदाचा आहे आणि प्रतिध्वनी त्याच्या पाऊणपट अंतराने येतो, म्हणजे पहिली नक्कल पाऊण ठोक्यावर पडते, दुसरी दीडवर, तिसरी सव्वादोनवर आणि चौथी बरोबर तिसऱ्या ठोक्यावर. तुम्ही चुटकी एकदाच वाजवली होती, पण ठेक्याच्या अधेमधे पडून पुन्हा ठेक्याला येऊन मिळणारी एक तिरकी लय ऐकू येऊ लागते. क्षय ०.५ असल्याने प्रत्येक नक्कल आधीच्या निम्मी होते आणि चौथीपर्यंत ती मूळ आवाजाच्या सोळाव्या हिश्श्यावर येते, म्हणून ठेक्याला मिळण्याचा तो क्षण जेमतेम जाणवतो. आता मागे येऊन क्षय ०.८ करावा. या वेळी चौथी नक्कल मूळ आवाजाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास राहते आणि ती तिरकी लय ठळक होते. पुढे वेळ ०.५ करून पाहावी. सगळ्या नकला ठोक्यांवरच पडतात आणि लय एकदम सपाट होते. पाऊण ठोक्याच्या प्रतिध्वनीला या संगीतात इतका मान का, ते या एका तुलनेतून स्पष्ट होते.

हा प्रयोग करून लगेच हेडफोनवर ‘एक्को’ किंवा ‘कन्व्हर्ज’ लावावे. कोणता आवाज मुळात वाजवलेला आहे आणि कोणता नुसती त्याची नक्कल आहे, हे वेगळे काढण्याचा प्रयत्न करावा. काही ठिकाणी ते जमेल, काही ठिकाणी जमणार नाही, आणि जिथे जमत नाही तिथे निर्मात्याचे कसब सर्वांत वरच्या पट्टीला पोचलेले असते.

सहावी पायरी : रिकामी जागा

इतके झाल्यावर पुन्हा एकदा अखंड बैठक घ्यावी, आणि या वेळी आवाजांच्या मधल्या जागेकडे लक्ष द्यावे. ती जागा किती मोठी वाटते, तिच्या भिंती कुठे आहेत, आवाज जवळून येतो की लांबून, तो डावीकडून उजवीकडे सरकतो का, असे पाहत जावे. हेडफोनवर ही जागा डोक्याच्या आतच उभी राहते आणि तरीही ती डोक्यापेक्षा मोठी असते, हा अनुभव मला फार मोलाचा वाटतो.

मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांच्या कामाशी या ठिकाणी थेट नाते जुळते. २०११ मध्ये पॅरिसच्या ग्राँ पाले या भव्य काचेच्या प्रासादात त्यांनी ‘लेव्हायथन’ हे हवेने फुगवलेले प्रचंड शिल्प उभे केले होते. प्रेक्षकांना त्याच्या पोटात शिरता येत असे, आणि त्या प्रदर्शनाच्या निमित्ताने हॉटिनने तिथे आपले संगीत सादर केले. कपूर यांच्या काही शिल्पांत गडद रंगाने माखलेला एक खळगा असतो आणि तो किती खोल आहे हे डोळ्यांना ठरवता येत नाही. ‘इन साइड’ हा लांबलचक भाग ऐकताना त्या खळग्याची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहावीत, असे मी नव्या श्रोत्यांना आवर्जून सांगतो. दोन्ही ठिकाणी आकारापेक्षा खोलीला महत्त्व आहे.

‘पॅसेज इन’ आणि ‘पॅसेज आउट’ ही जोडी आता नावांसह ऐकावी. एक अल्बमच्या सुरुवातीकडे आहे आणि दुसरी अगदी शेवटी, तेव्हा आत जाण्याचा आणि बाहेर येण्याचा रस्ता म्हणून त्यांच्याकडे पाहता येते. तसेच ‘कन्स्यूम’ आणि ‘कन्स्यूम्ड’ हे दोन भाग पाठोपाठ लावून पाहावेत. अल्बममधल्या त्यांच्या दरम्यानच्या प्रवासाने कानात काय फरक पडला आहे तो या तुलनेत कळतो.

सातवी पायरी : मागे आणि पुढे

एवढी तयारी झाल्यावरच इतर अल्बमकडे जावे. प्रथम मागे जाऊन ‘शीट वन’ ऐकावा. तिथली टीबी-३०३ ची चिवचिव ऐकल्यावर हॉटिनने पाच वर्षांत काय काय काढून टाकले याचा हिशेब लागतो. त्यानंतर १९९८ मध्येच आलेला ‘आर्टिफॅक्ट्स’ ऐकावा. त्यात ‘म्यूझिक’ आणि ‘कन्स्यूम्ड’ यांच्या मधल्या काळातले काम आहे, म्हणून तो या दोन टोकांमधला पूल ठरतो. ‘कन्सेप्ट वन’ मात्र घाईने ऐकू नये, ती बाराही रेकॉर्ड एकदम ऐकण्यासारखी मालिका नव्हे. ज्यांना ती आवडेल त्यांनी जर्मन संगीतकार थॉमस ब्रिंकमन यांनी तिच्यावर केलेले प्रयोगही जरूर ऐकावेत. त्यांनी दोन सुया-दांड्यांचा रेकॉर्ड प्लेअर वापरून एकच रेकॉर्ड दोन ठिकाणांहून एकाच वेळी वाजवली, आणि त्यातून निर्माण झालेल्या अंतरातून नव्या लयी काढल्या.

पुढच्या दिशेला २०२२ चा ‘कन्स्यूम्ड इन की’ आहे. कॅनडातलेच पियानोवादक चिली गोन्झालेस यांनी मूळ अल्बमवर पियानो वाजवला आणि त्यांचेच देशबंधू डीजे टीगा यांच्या मध्यस्थीने तो हॉटिनच्या संमतीसह प्रसिद्ध झाला. काही नवे श्रोते सुरुवात इथूनच करतात, कारण पियानोमुळे कानाला धरायला काहीतरी मिळते. मी तसे करू नये असे सुचवेन. मूळ अल्बम आधी नीट मुरलेला असेल तर गोन्झालेस कुठे बोलतात आणि कुठे हात आवरतात हे ऐकण्यात मोठी गंमत आहे. तो मुरलेला नसेल तर मागचे सगळे काम पियानोची साथ बनून राहते, आणि मग तो अल्बम पुन्हा त्याच्या मूळ रूपात ऐकणे अवघड जाते.

हॉटिनच्या बाहेर पडताना तीन दारे पुरेत. रॉबर्ट हूडचा १९९४ मधला ‘मिनिमल नेशन’ हा डेट्रॉइटचा मार्ग आहे. तिथेही सामग्री थोडीच आहे, पण ती वेगवान, टणक आणि अंगाला हलवणारी आहे. बेसिक चॅनलच्या रेकॉर्ड हा बर्लिनचा मार्ग आहे, आणि पाचव्या पायरीतला प्रतिध्वनी ज्यांना मनापासून आवडला त्यांनी आधी तिकडेच वळावे. कोलोनच्या वोल्फगांग फोग्ट यांची ‘स्टुडिओ आइन्स’ ही मालिका तिसरा मार्ग आहे. तिच्यातल्या रेकॉर्डना केवळ रंगांची नावे आहेत आणि आतले संगीतही तितकेच निर्विकार, नेमके आहे.

गोव्याच्या किनाऱ्यावर रुजलेल्या ट्रान्स या नृत्यसंगीतावर ज्यांचा कान पोसला गेला आहे, त्यांना या तिन्हींपैकी हूड सर्वांत जवळचा वाटेल, तरी तिथले चढत जाणारे थर आणि उसळून येणारी शिखरे इथे शोधू नयेत. आणि ज्यांना टीबी-३०३ या यंत्राचीच ओढ लागली असेल, त्यांनी मुंबईचे चित्रपट-संगीतातले वादक चरणजित सिंग यांचा १९८२ मधला ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा अल्बम नक्की मिळवावा. शिकागोतल्या तरुणांनी हे यंत्र पिळून काढण्याआधी काही वर्षे त्यांनी मुंबईत टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या तीन रोलंड यंत्रांवर राग वाजवले होते, आणि २०१० मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध झाला तेव्हा जगभरच्या टेक्नो श्रोत्यांनी तो नव्याने ऐकला. तो मिनिमल नाही, उलट स्वरांनी गच्च भरलेला आहे. त्यातला भैरव किंवा यमन लावून, चौथ्या पायरीत सांगितल्याप्रमाणे वरची सुरावट बाजूला सारून केवळ खालच्या बेसचा पाठलाग करून पाहावा.